गाडी जुनी झाली की भाव उतरतो. मग काही गाड्यांचा चढतो कसा?

सांगलीत गाड्यांच्या विमा दाव्यांचे सर्व्हे करणं हा माझा व्यवसाय. गाडीचं वय वाढतं तशी तिची किंमत कशी उतरते, हे मी रोज कागदावर मांडतो. विम्याचा तक्ता याबाबत अगदी स्पष्ट आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पुढे तक्ता संपतो आणि मालक व कंपनी मिळून आकडा ठरवतात. मिरज रोडवरचे सेकंडहँड गाड्यांचे डीलर हा तक्ता उघडून बसत नाहीत, पण त्यांचा अंदाजही याच उताराने जातो. भाव चढायला त्यात कुठंही जागा नाही.

तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १९६२ ची एक फेरारी २५० जीटीओ ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली. त्या वेळच्या दराने सुमारे ४३० कोटी रुपये. हे मॉडेल नवं होतं तेव्हा अमेरिकेत साधारण १८ हजार डॉलरला मिळायचं. पुढं काही वर्षांत नव्या गाड्यांनी शर्यतीत त्याला मागं टाकलं आणि जुनी रेसिंग गाडी म्हणून ती काही हजार डॉलरला या हातातून त्या हातात गेली. त्याआधी मे २०२२ मध्ये मर्सिडीझने स्वतःच्या संग्रहातली १९५५ ची ३०० एसएलआर ऊलेनहाउट कूपे साडेतेरा कोटी युरोला विकली होती. तशा दोनच गाड्या बनल्या होत्या.

असले आकडे ऐकले की ‘जुनं ते सोनं’ म्हणून लोक मोकळे होतात. गाड्यांच्या बाबतीत ते खरं नाही. बहुतेक जुन्या गाड्या भंगारात जातात आणि जायलाच हव्यात. भाव चढतो तो दोन गोष्टी जुळून आल्यावर. एक, त्या गाडीचा पुरवठा कायमचा बंद झालेला असतो. दोन, पोरवयात त्या गाडीवर जीव टाकणारी पिढी आता कर्ती झालेली असते आणि तिच्या हातात पैसा आलेला असतो. यातली एक जरी गोष्ट नसली तर गाडी कितीही जुनी होवो, गिऱ्हाईक फिरकत नाही.

आधी पुरवठ्याचं बघू. हळदीचा भाव कसा ठरतो हे सांगलीच्या मार्केट यार्डात उभं राहिलेल्या कुणालाही माहीत आहे. आवक कमी झाली की सौद्यात भाव चढतो. चढलेला भाव बघून पुढच्या हंगामात शेतकरी जास्त लागण करतो, आवक वाढते, भाव खाली येतो. पूर्वी हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, माल साठवून व्यापारी तेजीची वाट बघायचे, पण नवी हळद कधी ना कधी येणारच, हे त्यांनाही ठाऊक असायचं. २५० जीटीओचं नवं पीक येत नाही. १९६२ ते १९६४ या काळात फेरारीने ३६ गाड्या बनवल्या आणि विषय संपला. आज भाव कितीही होवो, त्या भावाला भुलून कुणी सदतिसावी बनवू शकत नाही. हुबेहूब तशी बनवली तरी त्या काळच्या शर्यतींत धावलेली गाडी ती नव्हेच. एरवी बाजारात महागाई स्वतःवर उतारा घेऊन येते, जास्त माल तयार होतो. इथं तो उताराच नाही.

पण नुसतं दुर्मीळ असून भागत नाही. मद्रासच्या कंपनीने १९८५ मध्ये काढलेली स्टँडर्ड २००० ही गाडी आज शोधून सापडणार नाही. म्हणून तिच्यासाठी कुणी रांग लावलेली नाही, कारण ती नवी होती तेव्हाही कुणाच्या स्वप्नात आली नव्हती.

स्वप्नाचं वय साधारण बारा ते अठरा असतं. त्या वयात भिंतीवर जिचं पोस्टर लागतं, ती गाडी माणूस पंचेचाळीस-पन्नाशीत विकत घ्यायला निघतो. तोवर घर झालेलं असतं, मुलं मार्गी लागलेली असतात, धंदा स्थिरावलेला असतो. त्यामुळे कुठल्या सालाच्या गाड्या वर जाणार हे बरंचसं वयावरून ठरतं. पाश्चात्त्य बाजारात दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कित्येक साध्या गाड्यांना आता पूर्वीसारखी मागणी नाही, कारण त्यांच्यावर प्रेम करणारी माणसंच उरत नाहीत. उलट १९९० च्या दशकातल्या जपानी गाड्या, टोयोटा सुप्रा किंवा निस्सान स्कायलाइन जीटी-आर, ज्यांना तेव्हाचे श्रीमंत संग्राहक ढुंकूनही बघत नव्हते, त्या आज भल्या भल्या युरोपीय गाड्यांना मागं टाकतात.

याचा पुरावा बघायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. यामाहा आरएक्स १०० बघा. १९८५ मध्ये ती आपल्याकडं आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ हॉर्सपॉवर, वजनाला हलकी. नवी होती तेव्हा २० हजारांच्या आसपास मिळायची. आज कागदपत्रं चोख असलेली, मूळ अवस्थेतली आरएक्स घ्यायला गेलात तर मालक लाखाच्या वर तोंड उघडतो. घेणारा कोण? कॉलेजात असताना ज्याला ती परवडली नाही आणि जो मित्राच्या मागं बसून फिरला, तोच. विट्याचा सोनं-चांदी गाळणारा गलाई व्यावसायिक असो की पलूसचा ऊस बागायतदार, वय विचारा, चाळिशी-पन्नाशीच्या आसपासच निघेल. प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर तसलं टू-स्ट्रोक इंजिन पुन्हा येणं नाही, म्हणजे पुरवठा बंद. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. फेरारीत आणि आरएक्समध्ये फरक शून्यांचा आहे, तर्क तोच.

पुरवठा बंद होण्याचे मार्ग मात्र वेगवेगळे असतात आणि जाणकार नेमके तेच हेरतात. पोर्शेच्या ९११ या स्पोर्ट्स कारचं इंजिन पूर्वी हवेवर थंड व्हायचं. १९९८ मध्ये ती पद्धत संपली आणि पाण्यावर थंड होणारं इंजिन आलं. नवी गाडी जास्त वेगवान, जास्त भरवशाची, पण जुन्या इंजिनाचा आवाज आणि चालवतानाची पकड परत मिळणार नव्हती. त्या बदलाच्या आधीच्या गाड्या आज वेगळ्याच भावात मोडतात. गिअरचंही तसंच. फेरारीच्या ५९९ जीटीबी या मॉडेलच्या हजारो गाड्या निघाल्या, त्यातल्या फक्त ३० हातानं गिअर टाकायच्या होत्या. शर्यतीत त्या मागंच पडतील, पण किंमत दुसऱ्या गाड्यांच्या कितीतरी पट. विजेवरच्या गाड्या आल्यापासून ही ओढ वाढली आहे. पेट्रोल इंजिन, क्लच, हातातला गिअर या सगळ्याचा हा शेवटचा काळ आहे असं खरेदीदाराला वाटतं आणि तो पैसे मोजतो. मला ही भावना खोटी वाटत नाही.

कधी कधी सरकारी नियमच फाटक उघडतो. अमेरिकेत परदेशी गाडी त्यांच्या सुरक्षा नियमांत बसत नसेल तर आणता येत नाही, पण ती २५ वर्षांची झाली की त्या नियमातून सूट मिळते. स्कायलाइन जीटी-आरची आर ३४ पिढी १९९९ ची. अमेरिकेत ती कधी अधिकृतपणे विकलीच गेली नाही. २०२४ मध्ये पहिल्या गाड्या २५ वर्षांच्या होणार, हे व्यापाऱ्यांना आधीपासून दिसत होतं, म्हणून त्यांनी जपानमधून माल उचलून ठेवायला कधीच सुरुवात केली होती. जगातली सर्वांत श्रीमंत बाजारपेठ ठरलेल्या तारखेला उघडणार असेल तर भाव त्या तारखेपर्यंत थांबत नाही.

आता माझ्या कामाच्या जवळचा भाग, गाडी खरी असण्याचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर गावभाग, मारुती चौक, खणभाग या भागांतल्या गाड्या आम्ही तपासत होतो. दुरुस्तीचा अंदाज विम्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. मालकाला पैसे मिळतात आणि गाडीचा सांगाडा व्यापारी उचलतो. पुढं तो सांगाडा धुऊन-पुसून, रंगवून, दुसऱ्या जिल्ह्यात गिऱ्हाइकापुढं उभा राहू शकतो. म्हणून आमच्याकडं सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘पाण्यात गेलेली नाही ना?’ मी स्वतः सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो. वरचा पट्टा धुतलेला असतो, पण रिळात गुंडाळलेल्या टोकाकडं गाळाची फिकट रेघ राहून जाते. मग गालिचा उचलतो, सीटच्या रुळांचा गंज बघतो, स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवतो, फ्यूज बॉक्समधल्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर आहे का ते पाहतो. साध्या गाडीत असा इतिहास निघाला की किंमत कोसळते.

दुर्मीळ गाडीत हा सगळा हिशेब उलटा होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात १९५४ ची फेरारी ५०० मोंडियाल लिलावात आली. गाडी म्हणायचं ते सवयीनं. शर्यतीत अपघात होऊन ती जळाली होती आणि उरला होता तो चेपलेला, गंजलेला पत्र्याचा ढीग. आमच्या तक्त्याप्रमाणे तिचं भंगारापलीकडं काही मूल्य नाही. ती १८ लाख ७५ हजार डॉलरला गेली, म्हणजे पंधरा कोटींहून जास्त. घेणाऱ्याने पत्रा विकत घेतला नाही. त्याने त्या गाडीचा चेसिस नंबर, मूळ गिअरबॉक्स आणि मालकीचा इतिहास विकत घेतला. पत्रा नव्यानं ठोकता येतो. ओळख ठोकून तयार करता येत नाही.

संग्राहक म्हणूनच इंजिनवरचा आणि चेसिसवरचा नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळतो का, यावर इतका जोर देतात. १९७३ ची पोर्शे कॅरेरा आरएस साधारण १,५८० बनली. तिचं मागचं पंख आणि बाजूचे पट्टे लावून साध्या ९११ ला तिचं रूप देणारे ढिगानं आहेत, आणि खऱ्या-खोट्याच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इकडं आरएक्समध्येही हेच चालतं. नंबर एका गाडीचा, इंजिन आरएक्स १३५ चं, टाकी बाजारातली, आणि वर चकचकीत रंग. चकचकीत रंगाला तर मी आधी घाबरतो. मूळ रंग थोडा उडालेला असला, क्रोमवर डाग असले, तरी अशी गाडी रंगवून आणलेल्या गाडीपेक्षा जास्त किमतीची असू शकते. २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर आली. फ्रान्समधल्या एका शेडमध्ये ती अनेक वर्षं जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली पडून होती. अंगावरची धूळही न पुसता ती मांडली गेली आणि १ कोटी ६३ लाख युरोला गेली.

एवढं वाचून कुणालाही गुंतवणुकीचा मोह होईल. तासगावचा एक तरुण द्राक्षबागायतदार, माझ्या मित्राचा मुलगा, बेदाण्याला दर बरा मिळाला तेव्हा हाच बेत घेऊन आला होता.

“काका, एफडीत ठेवण्यापेक्षा एखादी जुनी स्पोर्ट्स कार घेऊन शेडमध्ये झाकून ठेवली तर? दहा वर्षांत दुप्पट.”

मी म्हटलं, “अरे, दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सात टक्के. त्याच्या आसपास बँकही देते, आणि बँकेतल्या पैशाचं ऑइल बदलावं लागत नाही.”

मग त्याला मॅक्लारेन एफ १ चा हिशेब मांडून दाखवला. १९९० च्या दशकात या गाडीची किंमत सुमारे ८ लाख १५ हजार डॉलर होती. सगळ्या मिळून १०६ बनल्या. त्यातली १९९५ च्या सुमाराची एक, जी पुरती ४०० किलोमीटरही चालली नव्हती, २०२१ मध्ये २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरला विकली गेली. पंचवीस पट! पण सव्वीस वर्षांवर चक्रवाढीनं पसरवलं की ते वर्षाला साधारण १३ टक्के येतं. परतावा उत्तमच. फक्त लक्षात घ्यायचं की ही जगातल्या मोजक्या सर्वोत्तम गाड्यांपैकी एक, जवळजवळ न चालवलेली, आणि यातून सव्वीस वर्षांची राखण, विमा आणि देखभाल वजा व्हायचीच आहे. सरासरी जुन्या स्पोर्ट्स कारला याच्या निम्मंही मिळेल अशी खात्री कुणी देऊ नये.

देखभालीचा अंदाज यावा म्हणून एकच सांगतो. १९९० च्या दशकातल्या फेरारी एफ ३५५ चा टायमिंग बेल्ट ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो, गाडी चालवा अथवा न चालवा, कारण रबर वयानं मरतं. आणि तो बेल्ट बदलायला अख्खं इंजिन गाडीतून खाली उतरवावं लागतं. असं काम करणारा मिस्त्री सांगली-मिरजेत नाही. गाडी ट्रेलरवर घालून मुंबईला न्यायची, सुटे भाग परदेशातून मागवायचे. बेल्ट बदलायचा टाळला आणि तुटला तर इंजिनच जातं.

भाव खालीही येतात. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी गेले. आता ‘त्यांच्या हयातीतल्या’ फेरारींचा पुरवठा संपला म्हणून उड्या पडल्या. जपानमध्ये त्याच वेळी जमिनीचे आणि शेअरचे भाव आभाळाला भिडले होते आणि तिथला पैसाही याच गाड्यांत शिरला. ज्यांना गाडी आवडत नव्हती, चालवायची नव्हती, तेही कर्ज काढून घेऊ लागले. १९९० मध्ये फुगा फुटला आणि बऱ्याच फेरारींच्या किमती निम्म्याहून खाली आल्या. काहींना पुन्हा वर यायला दहा-पंधरा वर्षं लागली. अलीकडं २०२१-२२ मध्ये स्वस्त व्याजदर आणि नव्या गाड्यांचा तुटवडा यांनी पुन्हा तेजी आणली आणि नंतर बाजार थंडावला. व्याजदर वाढले की अशा बाजारातून पैसा लवकर निघून जातो, कारण गाडी ना भाडं देते ना लाभांश. मला यातून कळलेली खूण एवढीच: घेणाऱ्यांत गाडी चालवणारे कमी आणि विकायला घेणारे जास्त झाले, की आपण बाजूला व्हावं.

शिवाय आपल्याकडं हा बाजार कायद्यानं वेगळा आहे. परदेशातली वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी असेल तर सहसा भारतात आणताच येत नाही. म्हणजे १९९९ ची स्कायलाइन जपानमध्ये घेऊन सांगलीत आणू, हा विचार सोडूनच द्या. इथं गाडी १५ वर्षांची झाली की फिटनेस करून आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते पाच-पाच वर्षांचं. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या चारचाकीला त्याची फी १० हजार, आणि आयात गाडी असेल तर ८० हजार रुपये. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर मालिका दिली आहे; नोंदणी २० हजार रुपये, दहा वर्षांसाठी. पण ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणायची.

आपल्या आवाक्यात काय, असं तो मुलगा विचारत होता. माझं मत त्याला सांगितलं तेच इथं देतो. २००० च्या आसपासची होंडा सिटी व्हीटेक, १०६ हॉर्सपॉवरची. तिला तेव्हाच्या पोरांनी इतकं मॉडिफाय केलं की कारखान्यातून आली तशी गाडी आता दिसणं मुश्कील, आणि म्हणूनच तशी दिसली तर सोडू नये. फोक्सवॅगनने २०१६ मध्ये पोलो जीटीआयच्या फक्त ९९ गाड्या आणल्या. स्कोडाने २०२० मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या २०० आणल्या, साधारण ३६ लाखांना एक. या गाड्या घेणारे त्यांना जपतात, आणि आज कॉलेजात असलेली पोरं त्यांच्याच व्हिडिओंवर वाढली आहेत. उलट आजोबांची प्रीमियर पद्मिनी घरात असेल तर ती जरूर जपा, पण भावासाठी नव्हे. अशा गाड्या लाखांनी बनल्या, चांगल्या स्थितीतल्या अजून पुष्कळ आहेत, आणि तिला हवा तो प्रेमळ गिऱ्हाईक बहुधा तुमच्याच घरात असतो.

दिल्लीकडून येणाऱ्या स्वस्त गाड्यांबद्दल सांगायलाच हवं. तिथं १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर आलेल्या बंदीमुळे चांगल्या गाड्या मातीमोल भावात एनओसी घेऊन बाहेर पडल्या. त्यातल्या काही खरोखर सुरेख असतात. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, तिकडच्या कर्जाचा उतरलेला बोजा आणि इथं भरायचा कर यांचा मेळ बसेपर्यंत गाडीला सांगलीचा एमएच १० नंबर मिळत नाही, आणि कागद अडकलेल्या गाडीला संग्राहक हात लावत नाही.

त्या मुलाला शेवटी सिटी व्हीटेकच बघायची होती. कराडला एक आहे म्हणाला. मी त्याला सांगितलं, पैसे बोलण्याआधी बॉनेट उघड, चेसिस नंबरवर पातळ कागद ठेव आणि पेन्सिल आडवी घास. आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे उमटतात का बघ, आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा आहेत का बघ, मग तोच कागद आरसी बुकाशेजारी धर. इंजिनच्या नंबरचंही तसंच कर. दोन्ही जुळले तरच मला फोन कर, मी सीटबेल्ट ओढायला येतो.